सहावं नाव

घाटकोपरहून मेट्रोने असल्फ्याकडे निघालं की डोंगरावरची रंगीत घरं दिसतात. २०१८ साली ती रंगवली, आणि तेव्हापासून नवखी माणसं डब्याच्या काचेला मोबाइल चिकटवून फोटो काढतात. मायकलभाऊंची वस्ती त्या फोटोत येत नाही. रंग जिथे संपतो तिथून पुढच्या पायऱ्या त्यांच्या.

भाऊ बेस्टमध्ये कंडक्टर होते. उभा जन्म तिकिटं फाडली, पण हिशेबात चार आण्यांचा फरक कधी पडला नाही, असं ते सांगत आणि त्यात खोटं काही नव्हतं. निवृत्त झाल्यावर फादरांनी त्यांना बोलावून घेतलं, शिकवणी दिली आणि आजाऱ्यांच्या घरी कम्युनियन, म्हणजे मिस्सेतली पवित्र भाकर, नेण्याचं काम सोपवलं.

आपल्याकडे ख्रिस्ती म्हटलं की केक, बँड आणि वांद्र्याची जत्रा यापुढे गाडी सरकत नाही, म्हणून थोडं उलगडून सांगतो. दर रविवारच्या मिस्सेत फादर गव्हाची भाकर आणि द्राक्षरस हाती घेतात आणि येशूने मरणाच्या आदल्या रात्री शिष्यांबरोबर जेवताना जे केलं ते करतात. ती नुसती आठवण किंवा खूण आहे असं कॅथलिक मानत नाहीत. रंग तोच, चव तीच, पण आता समोर आहे तो साक्षात ख्रिस्त, ही त्यांची श्रद्धा. बाकीचं सगळं त्यातून येतं. उरलेली पवित्र भाकर वेदीजवळच्या पेटीत कुलपात राहते आणि शेजारी दिवा तेवत असतो. त्या पेटीसमोरून जाताना लोक गुडघा टेकतात. भाकरीचा कण खाली सांडू नये म्हणून काळजी घेतात. आणि ज्याला देवळापर्यंत येववत नाही, त्याच्याकडे ती भाकर चालत जाते. पूर्वी हे काम फक्त धर्मगुरूंच्या वर्गाचं होतं. १९७३ साली रोमने नियम सैल केला आणि भाऊंसारख्या प्रापंचिक माणसांनाही नेमता येऊ लागलं.

भाऊंनी ते काम ड्युटीसारखं लावून घेतलं. रविवारी सातची मिस्सा झाली की गळ्यात दोरीचा छोटा बटवा, बटव्यात सोनेरी डबी, डबीत मोजून पाच. यादीत पाच नावं होती, म्हणून पाच. वाटेत कुणाशी बोलायचं नाही, दुकानात थांबायचं नाही, सरळ आजाऱ्याच्या घरी जायचं, असं शिकवणीत सांगितलं होतं. भाऊ ते असे पाळत की वस्तीतली पोरंसुद्धा त्यांना रविवारी हाक मारत नसत. हात बटव्यावर, नजर पायरीवर.

शनिवारी संध्याकाळी ते पहिल्या कम्युनियनच्या मुलांचा वर्ग घेत. आठ-नऊ वर्षांची पोरं, प्रश्न एकाहून एक. एकाने विचारलं होतं, ही भाकर म्हणजे बिनमिठाचा खाकराच ना? वर्ग हसला. पोराचं काही चुकलं नव्हतं. घाटकोपर पूर्वेला घरोघरी खाकरे लाटले जातात, त्याची आजी त्याच कामावर होती. भाऊंनी न रागावता सांगितलं की इथे पीठ आणि पाणी, बस. मीठ नाही, तेल नाही, खमीर नाही. दोन तापलेल्या लोखंडी पाट्यांमध्ये दाबून भाजायचं, मग गोल चकत्या कापायच्या. तेवढ्यात दुसरीने विचारलं, "सर, तुकडा केला तर येशूचा पण तुकडा होतो का?"

हा प्रश्न भाऊंच्या आवडीचा. मोठमोठ्या पंडितांनी शेकडो वर्षांपूर्वी यावर डोकं शिणवलेलं आहे आणि चर्चचं उत्तर पक्कं आहे. भाऊंनी ते फळ्यावर लिहिलं: प्रत्येक तुकड्यात पूर्ण ख्रिस्त. मग म्हणाले, "भाकरीचे तुकडे होतात, त्याचे होत नाहीत. ज्याला कणभर मिळालं त्याला कमी मिळालं असं इथे नसतं. बसमध्ये अर्धं तिकीट असतं, इथे नाही."

पोरांना तिकिटाचं उदाहरण समजलं नाही, त्यांना बसचं कार्ड ठाऊक. पण वाक्य पाठ झालं.

आता रोझीचं. रोझी आणि अँथनी भाऊंच्या बाजूच्याच घरात. अँथनी रिक्षा चालवायचा. रिक्षावाला आणि बेस्टवाला यांचं जेवढं जमतं तेवढं त्यांचं जमायचं, म्हणजे रोज एकमेकांची टिंगल आणि नाताळात एकमेकांकडे करंज्या. बिनसलं ते ओट्यावरून. रोझीने दारापुढे ओटा बांधला, आणि त्याचा एक कोपरा गटारावर आला.

बाहेरच्याला वाटेल, वीतभर ओट्यासाठी एवढं? पण घाटकोपरच्या डोंगरावर राहणाऱ्याला २००० सालचा जुलै ठाऊक असतो. आझादनगरात दरड आली आणि साठाहून जास्त माणसं मातीखाली गेली. तेव्हापासून पावसाच्या पाण्याची वाट अडवणं ही इथे साधी गोष्ट राहिलेली नाही. भाऊंची भीती खरी होती. त्यांनी दोनदा समजावलं, मग वॉर्ड ऑफिसात अर्ज टाकला. माणसं आली, ओटा फोडला, राडारोडा तिथेच टाकून निघून गेली. रोझीने तो राडारोडा दिवसभर एकटीने पाटीने वाहिला. भाऊ खिडकीतून बघत होते. त्यांचं म्हणणं बरोबर होतं, आणि बरोबर असलेला माणूस खिडकीतून बाहेर यायला फार वेळ लावतो.

बोलणं बंद झालं. मिस्सेत कम्युनियनच्या आधी एक क्षण असतो: शेजारच्याला हात जोडून शांती द्यायची. परदेशात हस्तांदोलन करतात, आपल्याकडे नमस्कार. भाऊ डावीकडे नमस्कार करत, उजवीकडे करत, मागे वळून करत. रोझीच्या बाकाकडे मान वळायची नाही. मग दोघंही एकाच रांगेतून पुढे जात, फादर "ख्रिस्ताचं शरीर" म्हणत, दोघंही "आमेन" म्हणत, आणि आपापल्या बाकावर येऊन डोळे मिटून बसत.

इथे मला येशूचा प्रेषित पौल आठवतो. त्या शेवटच्या जेवणाचा सगळ्यात जुना लेखी वृत्तान्त येशूचं चरित्र सांगणाऱ्या शुभवर्तमानांत नाही, त्याआधीच्या पौलाच्या पत्रात आहे. करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळींना त्याने सन ५५च्या सुमारास ते लिहिलं. लिहिलं कशासाठी? तर झापण्यासाठी. प्रभूच्या नावाने जमायचे, पण सुखवस्तू लोक आधी जेवून घ्यायचे आणि गरीब उपाशी राहायचे. पौलाने सरळ सांगितलं की तुम्ही जेवता ते प्रभूचं जेवण नव्हे. त्या जेवणातले येशूचे पवित्र शब्द आपल्यापर्यंत पहिल्यांदा पोचले ते असे, एका खरडपट्टीच्या मधोमध. धर्मग्रंथांत असा योगायोग मला फार मोलाचा वाटतो.

पुढे अँथनीला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, तोंड वाकडं झालं, बोलणं जड. रोझीला त्याला सोडून मिस्सेला जाता येईना. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी फादर आजाऱ्यांची कन्फेशन, म्हणजे पापांची कबुली, ऐकायला डोंगर चढतात. त्यांनी अँथनीचंही ऐकलं आणि जाताना रोझीला म्हणाले, मायकलभाऊंना नाव द्या, ते दर रविवारी आणतील. फादर नवे होते, ओट्याचं त्यांना माहीत नव्हतं. रोझीने शेजारच्या पोराबरोबर चिठ्ठी पाठवली. भाऊंनी ती फाडली नाही. नीट घडी घालून डायरीत ठेवली. बघू म्हणाले. यादी पाचचीच राहिली.

यादीतलं शेवटचं नाव होतं मार्थाआजीचं. घर अगदी वर, जिथे पायऱ्या संपून नुसता खडक लागतो. आजी श्रीरामपूर तालुक्यातली, हरेगावच्या बाजूची. मतमाउलीच्या यात्रेला जन्मभर गेलेली, लग्नानंतर मुंबईत आली आणि पंचवीस-तीस वर्षं खाकऱ्याच्या तव्यासमोर बसली. लाकडी दट्ट्याने खाकरा दाबून दाबून तिच्या उजव्या हाताचा अंगठा कायमचा बाहेर वळला होता. भाऊ येण्याआधी तिची नातसून पाटावर पांढरा कपडा घालायची, त्यावर क्रूस, मेणबत्ती आणि वाटीभर पाणी.

आजीची एक गोष्ट ठरलेली होती, आणि भाऊंना ती दर दोन-तीन रविवारांनी ऐकावी लागे. १९६४ची. त्या वर्षी मुंबईत जागतिक ख्रिस्तप्रसाद परिषद भरली होती, अडतिसावी. २ डिसेंबरला पोप सहावे पॉल विमानाने उतरले. भारतात आलेले ते पहिले पोप. ओव्हल मैदानावर माणसांचा समुद्र. गावाकडच्या फादरांनी आणलेल्या जथ्यात सोळा-सतरा वर्षांची मार्था होती. भाऊंना ही गोष्ट आपल्या पद्धतीने सांगायची असे: पोपना भेट मिळालेली पांढरी लिंकन मोटार त्यांनी जाताना मदर तेरेसांना देऊन टाकली, मदरनी तिची सोडत काढली आणि पैसे कुष्ठरोग्यांच्या कामाला लावले. आजीला मोटारीत रस नव्हता. तिची गोष्ट भुकेची होती.

"आदल्या रातीपासून पोटात काय न्हवतं," आजी सांगायची. "कम्युनियन घ्यायचं तर मध्यरातीपासून उपास, असं आयनं शिकवल्यालं. ऊन चढलं, माझे डोळे फिरले. बाजूला एक बाई व्हती. तिनं फडक्यातून भाकर काढली, म्हनली खा. मी म्हनलं, न्हाय, येशूला घ्यायचाय. तर मागून एक फादर म्हनले, खा पोरी, आता एका तासाचाच उपास हाय, पोपसायबानं परवाच सांगितलंय."

हे खरं आहे. परिषद सुरू व्हायच्या आठवडाभर आधी, २१ नोव्हेंबर १९६४ला, उपासाची मुदत एका तासावर आणली गेली होती. गावात ही बातमी पोचली नव्हती. त्याआधी सात वर्षं तीन तासांचा नियम होता, तोही पुष्कळ घरांत पोचलेला नव्हता.

"मग तिनं तिची भाकर मोडली," आजी म्हणायची, आणि गोष्ट तिथे थांबायची. पोप दिसला का, असं कुणी विचारलंच तर म्हणायची, "लांबून. पांढरं पांढरं."

तर त्या रविवारी काय झालं ते सांगतो. मे महिना होता आणि वरच्या नळांना दाब नव्हता. भाऊ चार घरं करून पायऱ्या चढत होते, डबीत एकच उरली होती. वळणावर रोझी. डोक्यावर कळशी, कमरेवर हंडा, तिसऱ्या खेपेने घाम डोळ्यांत उतरलेला. तिने भाऊंना पाहिलं, हंडा पायरीवर टेकवला. दोन वर्षांत पहिल्यांदा तिने तोंड उघडलं.

"भाऊ, माझी चिठ्ठी मिळाली का?"

भाऊंनी हात बटव्यावर नेला, मान खाली घातली आणि बाजूने वर गेले. नियम त्यांच्या बाजूचा होता. असं पवित्र कारण हाताशी असलं की मनाला केवढा आराम मिळतो! मागे हंडा पुन्हा उचलल्याचा, मग घसरल्याचा, मग तीन-चार पायऱ्या ठणठणत गेल्याचा आवाज आला. पाण्याचा एक ओघळ त्यांच्या उलट दिशेने निघाला असणार. त्यांनी वळून पाहिलं नाही.

वर पाट मांडलेला होता. प्रार्थना झाली. आजीला अख्खी चकती गिळवत नसे, म्हणून भाऊ नेहमी तिचे दोन तुकडे करून एकामागून एक देत. त्यांनी चकती मोडली. त्या वेळी एक बारीकसा आवाज होतो, जवळ बसलं तरच ऐकू येणारा.

"ख्रिस्ताचं शरीर."

"आमेन." आजीने पहिला तुकडा घेतला, नातसुनेने चमच्याने पाणी पाजलं. भाऊंनी दुसरा तुकडा पुढे केला. आजीने ओठ मिटले.

भाऊंना वाटलं, धाप लागली असेल. थांबले. पुन्हा पुढे केला. आजीने मान हलवली. भाऊ घाबरले. उलटी? कळ? त्यांनी नातसुनेकडे पाहिलं.

"रोजी काय इचारत व्हती?" आजी म्हणाली.

खिडकी उघडी होती. डोंगरावर खालच्या पायरीवर शिंकलं तरी वर ऐकू येतं.

"आजी, आधी एवढं घ्या. मग बोलू."

"मला मिळालं माझं. काय इचारत व्हती?"

"मी बोललो नाही. हे गळ्यात असताना वाटेत बोलत नाहीत. तसा नियम आहे."

"तुजा नियम बरूबर हाय," आजी म्हणाली. "तू बोलू नगंस. पन तो गळ्यातला काय म्हनाला आसता, तेवडं सांग."

भाऊंच्या चिमटीत अर्धी चकती. ती खाली ठेवता येत नाही, खिशात घालता येत नाही. डबीत ठेवता आली असती. तेही त्यांना क्षणभर सुचलं नाही. मग शेवटचा बचाव आठवला. "अँथनीचं कन्फेशन झालेलं नसणार, आजी. असं कसं देता येईल?"

"झालंय. शुक्रवारी फादर अर्धा तास बसले व्हते तितं. मी बगितलंय." खिडकीतून आजीला सगळंच दिसायचं, ओटा फोडताना आणि राडारोडा वाहताना रोझीही दिसली होती, फक्त त्यावर ती आजवर बोलली नव्हती.

"पण मी पाचच आणल्या होत्या," भाऊ म्हणाले. बोलता बोलताच त्यांना आपला आवाज कंडक्टरचा वाटला असावा. "पाच नावं होती."

तेव्हा दारात उभं असलेलं आजीचं पणतवंड, शनिवारच्या वर्गातलं, मध्येच म्हणालं, "सर, प्रत्येक तुकड्यात पूर्ण ख्रिस्त."

त्याला वाटलं, सर विसरले.

भाऊ बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी तो तुकडा डबीत ठेवला, डबी बटव्यात घातली, वाटीतल्या पाण्यात बोटं धुतली. प्रार्थना पुरी केली, कारण अर्धी सोडायची नसते. आजीने कपाळावर क्रूसाची खूण केली आणि भिंतीकडे कूस बदलली. तिच्या दृष्टीने काम झालं होतं.

उतरताना पायऱ्या ओल्या होत्या. हंडा एका घराच्या जोत्याला अडकून आडवा पडलेला, एक बाजू चेपलेली. भाऊंनी तो उचलला. खाली नळावर नेला, रांगेत उभे राहिले. रविवारच्या कपड्यांत, गळ्यात बटवा असलेला हा माणूस हंडा घेऊन रांगेत का, असं बायका एकमेकींना खुणांनी विचारत होत्या. दोघीतिघींनी नंबर देऊ केला. त्यांनी घेतला नाही. हंडा भरल्यावर तो खांद्यावर घ्यावा की कमरेवर, हे त्यांना कळेना. खांद्यावर घेतला तर बटवा भिजणार. शेवटी छातीपासून लांब, दोन्ही हातांनी धरून ते वर आले. दहा पायऱ्या झाल्या की टेकवत, पुन्हा उचलत. पाणी डुचमळून निम्मं सांडलं.

रोझीच्या दारापुढे, जिथे ओटा होता तिथे, आता फुटक्या लाद्या होत्या. भाऊंनी हंडा तिथे ठेवला.

रोझी दारात आली. हंड्याकडे पाहिलं, भाऊंकडे पाहिलं. "आता कशाला?"

"चिठ्ठी मिळाली होती," भाऊ म्हणाले. "तेव्हाच मिळाली होती."

ती काही बोलली नाही आणि बाजूलाही झाली नाही. राग तिचा होता, तो कधी सोडायचा हे तिने ठरवायचं होतं. भाऊ उन्हात उभे राहिले. आतून अँथनीचा जडावलेला आवाज आला, "कोन... हाय?"

"कंडक्टर आलाय," रोझी मागे न वळता म्हणाली.

आत जरा वेळ शांतता होती. मग वाकड्या तोंडातून एकेक शब्द सुटा होत आला. "म्हनावं... पुढे सरका... जागा... हाय."

रोझीच्या तोंडाचा कोपरा हलला की नाही, हे सांगणं कठीण. ती बाजूला झाली. घरात पाट नव्हता. तिने स्टुलावरची औषधं खाली काढली, त्यावर एक ओढणी अंथरली. मेणबत्ती सापडेना तेव्हा गॅसशेजारची, लाइट गेल्यावर लावायची अर्धी जळलेली आणली. भाऊंनी तुकड्याचा आणखी लहान कण केला, कारण झटका आलेल्या माणसाला मोठा घास धोक्याचा असतो. पहिला अँथनीला दिला. पाणी उजव्या गालावरून ओघळलं, ते रोझीने पदराने टिपलं. उरलेलाही दिला, तो नीट गेला.

"आणि मला?" रोझीने विचारलं. प्रश्नात धार होती.

"तुम्ही मिस्सेला या," भाऊ म्हणाले. "सातच्या मिस्सेला मला जायचं असतं. नऊच्याला तुम्ही जा, तोवर मी इथे बसतो."

रोझीने यावर हो म्हटलं नाही. हंडा आत ओढला, किती पाणी उरलंय ते वाकून बघितलं आणि तोंड वाकडं केलं.

"पुढच्या रविवारी येणार असाल तर आधी इथे या, आजीकडे नंतर जा," ती म्हणाली. "आणि दहाच्या आत. दहाला नळ येतो, मग मी कुणासाठी थांबत नाही."